दोरीपलीकडचं पाणी

हबीब मिस्त्रीच्या धाकट्या मेहनाजचा निकाह झाला ते साल दोन हजार सतरा. निकाह उन्हाळ्यात झाला आणि लग्नानंतरची तिची पहिली बकरी ईद सप्टेंबर लागता लागता आली. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. झाडं नुसती वाढली आणि बोंडात अळी शिरली. पांढरकवड्यापासून कुठेही निघा, सकाळी रस्त्याला पाठीवर पंप घेतलेली माणसंच माणसं दिसत. हवेला औषधाचा वास. चहाच्या ठेल्यावर बसलं तरी चहाला तोच वास.

अशा सालात घर कोण बांधतो? हबीबच्या थापीला तीन महिने सिमेंट लागलं नव्हतं. पासष्टीचा माणूस, गुडघे वाजायला लागलेले, पण फरशी बसवण्यात त्याचा हात अजून कोणी धरत नव्हता. अंगणात खाट टाकून तो दिवसभर रस्त्याकडे बघत बसे. जैबुनबी म्हणायची, "जावई आनेवाला है ईद को, और तुम खाट पे." 

असाच बसलेला असताना ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी रोशन आला. केळापूरच्या भीमराज नगराळेचा मुलगा. हबीब आणि भीमराज जुने जोडीदार. तरुणपणी हबीब टाइल बसवायचा आणि भीमराज त्याच्या हाताखाली माल कालवायचा. पुढे भीमराज शेतमजुरीला लागला, पण दोस्ती राहिली. रोशनला हबीबने लंगोटीपासून पाहिलेला.

रोशनने कोणाची तरी मागून आणलेली गाडी लावली आणि फाटकाबाहेरच उभा राहिला.

"ये ना आत. काहून उभा राह्यला?"

"नको चाचा. फवारनी करूनच येऊन राह्यलो. कपड्याले वास हाये."

"मंग वासाचाच ये. मी काय अत्तर लावून बसलो?"

रोशन हसला, पण आत आला नाही. फाटकाच्या पलीकडूनच बोलला. मोरीचं काम काढायचं होतं. जुन्या टाइल्स फुटल्या होत्या, खड्ड्यात पाणी साचून शेवाळ धरलं होतं. आषाढात, आखाडीच्या सणाला त्याची आई तुळसाबाई तिथेच घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. अजून पट्टा होता. आणि आता वैष्णवीला सातवा लागला होता. वैष्णवी म्हणजे रोशनची बायको. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

"माय पडली ते पडली," रोशन म्हणाला. "आता हे पडली तं मी काय करू चाचा? मोरीत जाते तं माहा जीव भायेर टांगून राह्यते. खरबऱ्या टाइल पाह्यल्या मी दुकानात. पाय नाई घसरत. पंधरा दिवसाची फवारनी धरली त्याच्यासाठीच. तुमी कवा येता सांगा."

"ईदच्या आधी उरकतो," हबीब म्हणाला. मग त्याने रोशनकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते आणि कडेने पाणी येत होतं. "डोये काहून असे?"

"वरून गयते ना औषध. पऱ्हाटी डोक्यावर, पंप पाठीवर. फवारा वरतं मारा लागते, सारं तोंडावर येते."

"मंग घरी गेल्यावर अंग धुत जा. साबन लावून. रोज. आयकलं का? येक दिवस चुकवू नको. हे काई रंगाचं पानी नाई."

"धुतो ना. वैष्णवी बादली भरूनच ठेवते. घरात पाय ठेवू देत नाई आंघोयीबिगर."

तो गेल्यावर जैबुनबी दारात आली. "उसके आँखां देखे क्या?"

"देखा," हबीब म्हणाला आणि थापी, छन्नी, लेव्हल ट्यूब काढायला आत गेला. मंगळवारपासून काम धरलं तर गुरुवारी संपत होतं. शुक्रवारी जुम्मा, शनिवारी ईद.

केळापूरला भीमराजचं घर दोन खोल्यांचं, मागे मोरी. मोरी म्हणजे पाच बाय सहाची, वर पत्रा. आतल्या कोपऱ्यात सिमेंटचं टाकं. घराचं सगळं पाणी त्या टाक्यात. नळ दोन-तीन दिवसांआड यायचा आणि त्याची नळी थेट टाक्यात सोडलेली होती. टाक्यातून तांब्याने काढायचं आणि त्याच्यापुढेच बसून आंघोळ करायची.

मंगळवारी हबीबने छन्नी मारली तेव्हा भीमराज दारात बसून होता. "सांभाळून फोड. तुह्याच हातच्या हायेत."

"माह्या हातच्या हायेत म्हनून तं निघून नाई राह्यल्या," हबीब म्हणाला. "माल तू कालवला असता बरोबर तं अजून दहा वर्सं निंघाल्या असत्या."

"माल बरोबरच होता. ढाळ चुकला तुहा. पानी नालीकडे जाच्या बदल्यात टाक्याकडे जाये."

"तीस वर्सं नाई बोलला ते?"

"रोशन झाला त्या सालचं हाये. सत्तावीस झाले. तवा तू लय भाव खात होता, कोन बोलन?"

हबीबने पट्टी लावून पाहिली. भीमराजचं खरं होतं. ढाळ बोटभर टाक्याकडे होता. म्हणजे इतकी वर्षं पाणी साचत होतं, शेवाळ धरत होतं, त्याचं मूळ त्याच्या हातात होतं. तुळसाबाईचं मनगटही मग त्याच्याच खात्यावर. त्याने ते मनात धरलं. या वेळी चूक होऊ द्यायची नाही, असं त्याने ठरवलं.

जुन्या टाइल्स, खालचा कुजका माल, सगळा मलबा भीमराजने टोपल्याने मागच्या अंगणात टाकला. मागे एक दगडाची फाडी होती, कपडे धुवायची. ती मलब्याखाली गेली. तिच्यावर रेती, तिच्यावर टाइल्सची खोकी. हबीब म्हणाला, "राहू दे, सोमवारी काढू."

बुधवारी खालचा थर टाकला. गुरुवारी सकाळपासून टाइल्स. करड्या, हात फिरवला तर बोटांना लागणाऱ्या. पाच बाय सहाला मोजून तीस, पण टाक्यापाशी आणि नालीपाशी कापाव्या लागल्या. हबीब एकेक टाइल पाण्यात भिजवायचा, बसवायचा, वरून थापीच्या मुठीने ठोकायचा आणि कान लावायचा. पोकळ वाजली तर काढून पुन्हा. ढाळ बघायला त्याच्याकडे एक काचेची गोटी होती. ती कोणत्याही कोपऱ्यात ठेवली की नालीकडे जायला पाहिजे. गोटी चारही कोपऱ्यांतून नालीत गेली तेव्हा त्याला बरं वाटलं. तुळसाबाईही येऊन पाहून गेली. "हबीबभाऊ, गोटी गेली, आता माही हड्डी नाई जानार."

आता हबीबच्या दोरीचं सांगायला पाहिजे.

शेवटची टाइल बसली की हबीब दाराच्या दोन्ही बाजूंना खिळा ठोकायचा आणि आडवी सुतळी बांधायचा. गुडघ्याइतकी उंच. ती बांधली की आत कोणी जायचं नाही. मालक असो, मालकाचा बाप असो. सोडायची ती हबीबनेच, येऊन, टाइल ठोकून पाहून. या गोष्टीवर तो कोणाचं ऐकत नसे. वणीला एका वकिलाने दोरी ओलांडून नवीन मोरीत हात धुतले, दुसऱ्या दिवशी हबीबच्या लक्षात आलं, तर त्याने सामान गोळा केलं आणि उरलेलं काम तसंच टाकून घरी आला. तेव्हापासून आसपासच्या गावांत म्हणायचे, हबीबची दोरी म्हणजे हबीबची दोरी. लोक हसायचे आणि पाळायचेही. भीमराजने तर ती सगळ्यांत जास्त पाळली होती, कारण तरुणपणी त्यानेच कितीतरी घरांत ती बांधून दिली होती.

खरं म्हणजे एक दिवस गेला की टाइलवर पाय ठेवला तरी चालतं. हबीबला ते माहीत होतं. पण सांधे भरायचे राहिले होते. ते दुसऱ्या दिवशी भरायचे असतात. पांढरं सिमेंट घेऊन यायचं, तासाभराचं काम. सांधे उघडे असताना पाणी पडलं तर टाइलखाली जातं आणि माल सुटतो. दुसरा दिवस म्हणजे जुम्मा, आणि संध्याकाळी मेहनाज आणि जावई यायचे होते. शनिवारी ईद. रविवारी पाहुण्यांना टाकून कुठे जायचं? म्हणून तो म्हणाला, "सोमवारी येऊन सांधे भरतो आन् दोरी सोडतो. तोवर आत थेंब नको."

वैष्णवी दारात उभी होती. पोटावर पदर ओढून. तिने हळूच विचारलं, "चाचा, उद्या संध्याकायी नाई चालनार? थोडंसंच पानी..."

"सुनबाई, सत्तावीस वर्सांनी काम निंघालं. चार दिवस धीर धरा. मंग पन्नास वर्सं पाहाचं काम नाई."

भीमराजनेही तिला दामटलं. "मिस्त्री म्हन्ते ते आयकाचं. वकिलाचं झालं ते मालूम नाई का तुले?"

तिने मान खाली घातली.

टाक्यात पाणी होतं, पण ते आता टाइलच्या पलीकडे. सकाळी हबीबनेच सांगितलं होतं, लागेल तेवढं पाणी काढून ठेवा. त्यांनी दोन बादल्या, दोन पितळी गुंड काढून ठेवले होते. एक बादली टाइल भिजवण्यात आणि माल कालवण्यात गेली. गुंड पिण्याचे आणि स्वैपाकाचे. राहिली एक बादली. निळी, प्लास्टिकची, वर ताटली झाकलेली, मागच्या दारापाशी.

हबीबने दोरी बांधली तेव्हा पाच वाजले होते. हातावर, पायावर सिमेंट वाळून टरारलं होतं. थापीवर, पट्टीवर माल. अवजार त्याच दिवशी धुतलं नाही तर खराब होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्या बादलीवरची ताटली उचलली.

"हे घेऊ का सुनबाई?"

वैष्णवी चुलीपाशी होती. ती उठून उभी राहिली. तिने बादलीकडे पाहिलं, मग हबीबकडे. तोंड थोडं उघडलं. हबीबने ते पाहिलं होतं. नंतर पुष्कळदा त्याला आठवलं की त्याने ते पाहिलं होतं. पण बापाच्या वयाचा माणूस, सासऱ्याचा दोस्त, दिवसभर उकिडवा बसून काम केलेला. ती काय म्हणणार? तिने मान हलवली. "घ्या ना चाचा."

त्याने थापी धुतली, पट्टी धुतली, लेव्हल ट्यूब धुतली. मग कोपरापर्यंत हात, गुडघ्यापर्यंत पाय. उरलेलं पाणी बाहेर मलब्यावर टाकलं, धूळ बसावी म्हणून. बादली पालथी घातली. भीमराजला म्हणाला, "सोमवारी ईदचा डबा घेऊन येतो. वहिनीले म्हन भाकरी टाकजा." आणि गाडीला किक मारली. केळापूरच्या फाट्यावर त्याला रोशन दिसला, पंप खांद्याला, पायी येताना. हबीबने हात केला. रोशनने हात वर केला, पण त्याला हबीब ओळखू आला की नाही कोण जाणे. तो डोळे बारीक करून बघत होता.

शुक्रवारी हबीब जुम्म्याला गेला. संध्याकाळी मेहनाज आली. शनिवारी ईद झाली, नमाज झाली, घरात माणसं आली, मेहनाजने हातभर बांगड्या घातल्या होत्या. जावई अब्रार नेरला मोटारीचं गॅरेज चालवायचा, चांगला होता. रविवारी दुपारी जेवता जेवता जावई म्हणाला, "अब्बा, फवारणीचे पेशंट लय येऊन राह्यले म्हणे दवाखान्यात. डोये जाऊन राह्यले लोकांचे." हबीबचा घास थांबला. त्याला रोशनचे लाल डोळे आठवले, आणि मग एकदम ती निळी बादली आठवली. सातव्या महिन्यातली बाई, मागच्या दारापाशी झाकून ठेवलेली एक बादली, संध्याकाळची वेळ. ती कोणासाठी होती हे न कळायला काय झालं होतं?

"क्या हुआ?" जैबुनबीने विचारलं.

"कुछ नहीं." त्याने घास खाल्ला. एक दिवस आंघोळ नाही केली तर काय होतं, असं त्याने मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी केली असेल. हापशी आहे गावात.

सोमवारी सकाळी स्टीलच्या डब्यात मटण, खिशात पांढऱ्या सिमेंटची पुडी घेऊन तो केळापूरला पोहोचला. दाराला कडी होती. शेजारची भुरीबाई नातवाला कडेवर घेऊन बाहेर आली.

"नाई कोनी घरी. पहाटे नेलं रोशनले पांढरकवड्याले. तोंडातून फेस येऊन राह्यला होता. दिसत नाई म्हने काईच."

हबीबने डबा ओट्यावर ठेवला. मागच्या दाराने तो आत गेला. दोरी तशीच होती. ताणलेली, धूळ बसलेली. टाइलवर पायाचा एक ठसा नव्हता. कोपऱ्यात टाकं काठोकाठ भरलेलं होतं. शनिवारी नळ येऊन गेला होता. पाणी काठावरून वाहून टाक्याच्या भिंतीवरून उतरलं होतं आणि त्याने केलेल्या ढाळावरून सरळ नालीत गेलं होतं. टाइलवर त्याची एक वाळलेली रेघ दिसत होती. बादली मागच्या दारापाशी, त्याने घातली तशीच पालथी.

"कुठं करत होते आंघोळ हे लोक?" त्याने भुरीबाईला विचारलं.

"बाया माह्याकडे येत. तुळसाबाई आन् पोरगी. भीमराज हापशीवर. रोशनले म्हनलं मी, तूही ये. तं नाई म्हने. तुमच्या मोरीत ह्या लेकराले आंघोय घालता, माह्या अंगाचं औषध तिथं नको सांडाले." तिने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हापशीवर औषधाचं अंग धुवाले बंदी हाये. पिन्याचं पानी हाये ना ते. ग्रामपंचायतीनं ठरवलं. चुकीचंही नाई ते."

"मंग?"

"मंग काय. ओल्या फडक्यानं पुसे. हापशीवरून बादली वाहून आनाले मायचा हात मोडला, पोरगी सातव्याची, अन् भीमराज पिन्यापुरतंच आने. माले वाटलं एकदा तं दोरी काढून टाकू. पन भीमराज म्हने, हबीबची दोरी हाये."

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात भीमराज बाहेर पायरीवर बसला होता. हबीब त्याच्या शेजारी बसला.  आत खाटांवर आणखी तीन माणसं त्याच दुखण्याची होती. रोशनच्या नाकात नळी, हात कापत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि तुळसाबाई डाव्या हाताने ती पुसत होती. दोघी नर्स साबणाने त्याचे पाय, मान, काखा घासत होत्या. मोठी नर्स रागावलेली होती.

"मानेची कातडी पाहा याची. किती दिवसाचं हाये हे? अंग धुतलं नाई का यानं?"

"नाई," तुळसाबाई म्हणाली. "गुरुवारपासून. घरी मोरीचं काम होतं."

"मोरीचं काम होतं म्हनून चार दिवस औषध अंगावर? अन् कपडे?"

"तेच. धुवाले जागा नव्हती बाई. वाळवून घाले अन् पुन्हा फवारनीले जाये. गुरुवारी आला तवाच लटपटत होता. मी म्हनलं पानी कुठं गेलं सुनबाई, बादली होती ना. तं ते म्हने माह्याकडून सांडली." तुळसाबाईने लाळ पुसली. "रागावली मी तिले. सातवा महिना, अन् रागावली."

वैष्णवी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

हबीबने रोशनच्या पायाला हात लावला. "बाबू. मी हाव. हबीब."

रोशनने मान वळवली, पण आवाजाच्या थोडी चुकीच्या बाजूला. जीभ जड झाली होती. "चाचा... सांधे भरले का?"

"भरतो."

"कोनी नाई... ओलांडली."

"मालूम हाये बाबू."

दुपारी त्याला यवतमाळला हलवलं. गाडीत एकालाच जागा होती, भीमराज गेला. हबीब तुळसाबाई आणि वैष्णवीला घेऊन बसने गेला. दोन तासांच्या वाटेत तो वैष्णवीच्या मागच्या सीटवर होता. उमरी गेलं, मोहदा फाटा गेला. दोन्ही बाजूंना उंच हिरवी कपाशी, आणि तिच्यात कुठे कुठे माणसाचं नुसतं डोकं आणि फवाऱ्याचा धूर. एकदा त्याने पुढे वाकून म्हटलं, "सुनबाई, काहून नाई बोलली तू त्या दिवशी?"

 ती खिडकीबाहेरच बघत म्हणाली, "तुमचे पाय सिमिटानं फाटले होते चाचा. रक्त येऊन राह्यलं होतं टाचेले."

यवतमाळला मोठ्या दवाखान्याच्या आवारात ते तीन दिवस राहिले. रात्री व्हरांड्यात, दिवसा झाडाखाली. असेच दुसरे पुष्कळ लोक होते, आर्णीचे, कळंबचे, घाटंजीचे. सगळ्यांची एकच गोष्ट. बुधवारी रोशन थोडा शुद्धीवर आला, वैष्णवीचं नाव घेतलं, पोटावर हात ठेवू द्या म्हणाला. त्याला दिसत नव्हतं. तिने त्याचा हात धरून ठेवला. गुरुवारी सकाळी तो गेला.

चिरफाड होऊन दुपारी पांढऱ्या कापडात बांधून दिला. केळापूरला गाडी आली तेव्हा गाव जमलं होतं. ओट्यावर हबीबचा डबा तसाच होता, कोणीतरी बाजूला सरकवलेला. वासामुळे कुत्रं बसलं होतं त्याच्यापाशी. गावातले म्हणाले, कापड सोडू नका, तसंच घेऊन चला, दिवस मावळायला आला. त्रिशरण घेऊन निघू.

"आंघोय घालाची हाये," भीमराज म्हणाला.

"दवाखान्यात धुतलं असन त्याईनं."

"माह्या घरची घालाची हाये."

 अंगणात मलब्याच्या ढिगाशेजारी फळी टाकली. भीमराज मागच्या दारापाशी गेला. पालथी बादली उचलली आणि हबीबच्या हातात दिली.

"तू काढ पानी. तुह्या फरशीवर आमचा पाय नाई पडला अजून."

हबीब बादली घेऊन उभा राहिला. त्याला सांगायचंच होतं. चार दिवस त्याच्या तोंडात ते होतं. "भीमा, गुरुवारी हे बादली सुनबाईकडून नाई सांडली. मी सांडली. हातपाय धुतले मी त्याच्यात."

"मालूम हाये," भीमराज म्हणाला. "मी तिथंच होतो ना. मी बी पाह्यलं. म्या बी नाई म्हनलं काई." त्याने नाक पुसलं. "चाल. भर."

हबीबने चप्पल काढली. दोरी कापायला खिशात चाकू शोधला, नव्हता. दोरीची गाठ त्याला बोटांनी सुटेना.  शेवटी त्याने खिळाच उपटला. दोरी खाली पडली. तो आत गेला. टाइल पायाला खरबरीत लागली, पाय घसरला नाही. टाक्यातून तांब्या तांब्या करून त्याने बादली भरली. पाण्याचे जे थेंब सांडले ते नालीकडे गेले. ढाळ बरोबर होता.

भीमराजने पाणी घातलं, तुळसाबाईने डाव्या हाताने घातलं. मग भीमराजने तांब्या हबीबकडे धरला. हबीबने रोशनच्या पायांवर पाणी घातलं. कापडाच्या वरून, मग बोटांवरून. पाणी मलब्याखाली जाऊन मुरलं.

पंधरा दिवसांनी हबीब पुन्हा गेला. पांढऱ्या सिमेंटची पुडी खिशात गोळा झाली होती, नवीन घेतली. सांधे भरले. मलबा गाडीवर घालून गावाबाहेर नेऊन टाकला, फाडी मोकळी केली, धुतली. भीमराज दारात बसून होता. त्याने ढाळाबद्दल काही काढलं नाही, मालाबद्दलही नाही. निघताना हबीब म्हणाला, "येतो भीमा." भीमराज म्हणाला, "हं."

डिसेंबरात वैष्णवीला मुलगी झाली. तुळसाबाईचं मनगट वाकडंच जुळलं, तरी त्याच मोरीत टाक्यापुढे पाय पसरून, पायांवर लेकरू आडवं घेऊन ती नातीला आंघोळ घालते, असं भुरीबाईने बाजारात हबीबला सांगितलं. घसरत नाही म्हणाली, चांगल्या बसवल्या टाइल.

हबीबने त्यानंतर आणखी दोन-तीन वर्षं काम केलं. दोरी कुठेही बांधली नाही. खिळे आणि सुतळीचं गुंडाळं त्याने जैबुनबीला देऊन टाकलं, तिने त्याची कपडे वाळवायची दोरी केली. काम संपलं की तो घरच्या बाईला शोधायचा आणि तिला सांगायचा, "पानी लागलं तं जा आत. टाइल हालली तं मी पुन्हा येऊन बसवतो, काई घेनार नाई." आणि हातपाय न धुता, सिमेंट तसंच अंगावर घेऊन घरी यायचा.

रोशन भीमराज नगराळे, राहणार केळापूर, वय सत्तावीस, फवारणीचं औषध अंगात भिनून यवतमाळच्या दवाखान्यात वारला. गुरुवार, सात सप्टेंबर दोन हजार सतरा.